नऊ जुलैचं क्रियापद

सायली हसली असती तर बरं झालं असतं. ‘दात काढायला काय झालं गं’ असं म्हणून लंकाबाईंनी वेळ मारून नेली असती. पण ती हसली नाही. तिनं चहाचा कप बशीत ठेवला, बशी टीपॉयवर ठेवली आणि तिथल्या वर्तमानपत्राची घडी उगाचच सरळ केली. खालच्या मजल्यावरची ही पोर. दुधाचे दात पडले तेव्हा ते कौलावर टाकायला कौल नाही म्हणून लंकाबाईंच्या गॅलरीच्या पत्र्यावर टाकून गेलेली. आता नर्सिंग शिकून एका हॉस्पिटलात लागली होती, पेशंटच्या घरी जाऊन बघणाऱ्या बायांच्यात. उद्यापासून एकटीनं घरोघर जायचं होतं. दोन ते पाच ट्रेनिंगला निघताना ती फक्त एक शब्द विचारायला वर आली होती. ‘काकू, तुम्ही क्रियापदांच्या पक्क्या. पॅलिएटला साधं मराठीत काय म्हणायचं? पुस्तकातलं नको. घरच्या माणसांना कळेल असं.’ लंकाबाईंनी पदराला हात पुसले होते, जणू शब्दाला ओल्या हातानं शिवायचं नसतं, आणि ऐटीत सांगून टाकलं होतं, ‘हळूहळू बरं करणं. मुळापासून.’

‘नाही हो काकू,’ सायली आता घडीकडे बघत म्हणाली, ‘बरं नाही करत. बरं होणार नसतं ना, तेव्हाच हा शब्द येतो. मग दुखणं कमी करायचं, झोप लागेल असं बघायचं. आजार आपल्या जागी राहतो.’ आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, ‘तुम्हाला हे कुणी...’ तिथेच ती थांबली. लंकाबाईंना शब्द कोण सांगायचं ते जेल रोडच्या त्या सोसायटीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. लंकाबाई पटकन म्हणाल्या, ‘अगं हो की. दुसऱ्याच शब्दाशी गल्लत झाली माझी. वय झालं.’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कुठं काय फुटलंय ते अजून नीट कळलंही नव्हतं, आणि त्याआधी जिभेनं नवऱ्याला पाठीशी घातलं होतं. सवय. माणूस जाऊन तेरा महिने झाले, सवयीला कुणी कळवलं नव्हतं. ‘सहाला येते,’ सायली पर्स खांद्याला लावत म्हणाली, ‘तोवर लिहून ठेवा, काकू. दोन-तीन ओळी बास.’ जिन्यात तिच्या चपला नेहमीसारख्या वाजल्या नाहीत. हळू हळू उतरल्या, आजाऱ्याच्या घरातून उतरतात तशा.

सतरा वह्या होत्या. कपाटाच्या खालच्या खणात, लेकाच्या, मयूरच्या, जुन्या शाळेच्या स्वेटरखाली. लंकाबाई सातवी पास. सिन्नरकडच्या गावातून लग्न होऊन नाशिक रोडला आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी यायचं ते एवढंच, की एसटीवर लिहिलेलं स्टॉप म्हणजे थांबा. त्यांचे यजमान भिकनराव नोटांच्या प्रेसमध्ये होते. प्रेसमध्ये म्हटलं की नाशिक रोडला पुढं विचारायचं नसतं. सुटताना गेटवर झडती व्हायची, खिसे, डबा, चपलेचा तळ. कागदाचा कपटासुद्धा बाहेर आणता यायचा नाही. नवीन लग्न झालेलं, दुसऱ्यांचे नवरे कामावरून येताना काहीबाही आणायचे, भिकनराव रिकाम्या हातानं यायचे. एकदा लंकाबाईंनी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते आले, पाय धुतले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, ‘आज आणलंय.’ ‘कुठं?’ ‘डोक्यात. डोक्याची झडती नाही घेत अजून.’ कँटीनमधल्या इंग्रजी पेपरातला एक शब्द होता. सिमर. त्यांनी अट घातली, आधी अंदाज करायचा, दोन भाकरी होईपर्यंत. लंकाबाईंनी एक भाकरी थापून, एक शेकून अंदाज केला, ‘वाट बघून बघून वैतागणं?’ भिकनराव उठले, शब्दकोश काढला, बोट ठेवलं, वाचलं, मग पुस्तक मिटून सांगितलं, ‘मंद आचेवर शिजत राहणं.’ ‘मग मी काय वेगळं बोलले,’ लंकाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून रोज एक. आणि नेहमी क्रियापदच. ‘नावं काय, दुकानात मिळतात,’ भिकनराव म्हणायचे, ‘क्रियापद आपलं आपल्याला करावं लागतं.’ त्यामुळे लंकाबाईंचं इंग्रजी जगावेगळं झालं. त्यांना लोंबकळणं, रेंगाळणं, डळमळणं, कुरवाळणं, सगळं इंग्रजीत यायचं. पण बाटलीला, पायपुसणीला, टाचणीला काय म्हणतात ते यायचं नाही. मयूरच्या कॉलेजात प्रिन्सिपॉलनी नमस्कार केला तर या म्हणाल्या, ‘वुई रिजॉइस.’ बँकेत साहेबानं कुठल्याशा योजनेचा कागद पुढं केला तर म्हणाल्या, ‘आय हेझिटेट.’ साहेबानं कागद मागं घेतला. घरी आल्यावर भिकनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग डोळे पुसत म्हणाले, ‘बघ, एका क्रियापदावर काम झालं.’ नियम एकच होता, बोलून कधी ठरवला नव्हता. शब्दकोश त्यांचा, वही हिची. ते बोट ठेवून अर्थ सांगायचे, ही वहीत लिहायची, खाली स्वतःचं वाक्य करायची. ज्याच्या हाती ताट त्याच्या हाती वाढणं. ताटावर काही झाकण नव्हतं, शब्दकोश टीव्हीशेजारी उघडाच असायचा, खाकी कागदाचं कव्हर घातलेला. पण लंकाबाईंनी तो कधी उघडला नाही. कशाला उघडायचा? देव्हाऱ्यातल्या मूर्तीच्या मागं जाऊन कुणी बघतं का, पाठ घडवलीय की नुसतीच सपाट आहे?

सतरावी वही अर्धी कोरी होती. नऊ जुलै. पान लगेच सापडलं, जणू तेवढंच पान वाचलेलं होतं. त्यांचंच अक्षर, मोत्यासारखं नाही पण धुतलेल्या तांदळासारखं. पॅलिएट. हळूहळू बरं करणं, मुळापासून. खाली त्यांचं वाक्य, इंग्रजीत: डॉक्टर माझ्या नवऱ्याला दिवाळीपर्यंत पॅलिएट करतील. त्या दिवशीच्या रिक्षाचा हिरवा पडदासुद्धा लंकाबाईंना आठवला. पाऊस नव्हता, पण रिक्षावाल्यानं एका बाजूचा पडदा सोडलेला होता आणि तो भिकनरावांच्या कानावर फडफडत होता. पोटात गाठ आहे, स्वादुपिंडाला, एवढं सांगितलेलं. इलाज सुरू आहे, एवढंही. फाईल लंकाबाईंच्या मांडीवर होती. फाईल नेहमी त्यांच्याकडेच असायची. नायलॉनच्या पिशवीत, पाण्याची बाटली वेगळी, न जाणो सांडली तर. त्यात डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात शेवटी एक शब्द होता, प्लॅन या शब्दापुढं. लंकाबाईंनी बोट ठेवून वाचला. त्यांना आनंदच झाला, खोटं कशाला बोला. डॉक्टरांच्या कागदावर एक क्रियापद सापडलं होतं, आणि तेही न शिकलेलं. ‘अहो, हा राहिलाय आपला. पॅलिएट म्हणजे?’ भिकनराव पडद्याकडे बघत होते. ‘अंदाज कर,’ ते म्हणाले. ‘इथं भाकरी कुठाय?’ ‘बिटको चौक येईपर्यंत कर.’ चौक आला, सिग्नल लागला, लंकाबाईंनी अंदाज केला नाही. मग ते म्हणाले, ‘हळूहळू बरं करणं. घाई नसते त्यात. मुळापासून काढतात.’ घरी आल्यावर वहीत लिहिताना लंकाबाईंनी विचारलंही होतं, ‘पुस्तक नाही उघडलंत?’ ‘एवढा सोपा शब्द,’ भिकनराव म्हणाले, ‘त्याला पुस्तक कशाला.’

सोपा शब्द. लंकाबाई वही मांडीवर घेऊन फरशीवर बसल्या होत्या, आणि फरशीचा गारवा पायातून वर चढत होता. हे त्यांना दुसऱ्या कुणाला तरी होत असल्यासारखं कळत होतं. मंजुषाताई आठवल्या. समोरच्या विंगेतल्या, निवृत्त शिक्षिका, हायस्कूलला इंग्रजी शिकवलेल्या. महिला मंडळात सगळ्याजणी तब्येत विचारत होत्या तेव्हा लंकाबाईंनी पोहे खाता खाता जरा आवाज वर करून सांगितलं होतं, ‘ते लोक आमच्या ह्यांना पॅलिएट करतायत.’ मराठीत सांगता आलं असतं. पण मंजुषाताई होत्या ना समोर. मंजुषाताईंनी आपली ताटली खाली ठेवली, लंकाबाईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘हो का? छान.’ तो हात जरा जास्तच वेळ राहिला होता. लंकाबाईंना वाटलं होतं, आपल्या इंग्रजीचं कौतुक. आता त्या हाताचा भार मनगटावर पुन्हा आला, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे मंजुषाताईंना कळलं होतं. औषधाच्या दुकानातल्याला कळलं असणार. रिपोर्ट देणाऱ्या मुलीला. गावात दवंडी पिटून झाली आणि ज्याच्या घरची गोष्ट त्याच्याच दारावरून ढोलवाला पाय न वाजवता गेला. आणि ढोलवाला कोण, तर ज्यानं तीस वर्षं रोज उंबऱ्यात बसून खरं ते सांगितलं, तो.

पण हे मोठं नव्हतं. फजिती काय, धुतली की जाते. मोठं होतं ते आठ जानेवारी. लंकाबाईंनी ही तारीख कुणाला सांगितली नव्हती. त्या दुपारी मंजुषाताईंकडे मंडळ होतं, संक्रांतीच्या वाणाचं ठरवायचं होतं. ‘जा गं, मी झोपतोच आहे,’ भिकनराव म्हणाले. चारचं औषध होतं. बोलता बोलता सहा वाजले. लंकाबाई जिन्यावरून धावत आल्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, औषध तसंच वाटीखाली. ‘अहो, घ्यायचं नाही का हातानं?’ त्या ओरडल्या होत्या. अकरा जानेवारीला ते गेले. तेव्हापासून तेरा महिने लंकाबाई एकच हिशेब घालत होत्या: मुळापासून हळूहळू बरं होत आलेला माणूस. दिवाळी उलटली होती, थोडं लांबलं होतं इतकंच. त्याचं औषध आपण दोन तास चुकवलं. वाण काय द्यायचं, प्लास्टिकचा डबा की स्टीलची वाटी, यासाठी. या गोष्टीनं त्यांना पहाटे जाग यायची. पोळी लाटताना यायची. त्यांनी मंडळात जाणं सोडलं होतं, मंजुषाताईंना वाटलं विधवा झाली म्हणून. आता बघायला गेलं तर हे ओझं उतरायला हवं होतं. त्या औषधानं काही होणार नव्हतंच. आपण मारलं नाही. लंकाबाईंनी हे वाक्य मनाशी दोनदा म्हणून बघितलं. सुटका काही येईना. आला तो राग. एका खोट्या शब्दापायी वर्षभर मी खुनी होऊन जगले. याचा विचार नाही आला तुम्हाला? एवढे पेपर वाचलेत, एवढी क्रियापदं आणलीत.

त्यांनी मयूरला फोन लावला. पुण्याला तो ऑफिसात असायचा, दुपारी फोन उचलायचा नाही. आज उचलला. ‘काय गं आई, बरी आहेस ना?’

‘पॅलिएट म्हणजे काय रे?’

पलीकडे कुणीतरी हसत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला आणि हसणं बंद झालं. ‘कुणी सांगितलं तुला?’

‘म्हणजे तुला ठाऊक होतं.’

‘आई, बाबांनी शपथ घातली होती.’

‘कुणाची?’

‘तुझीच.’

स्वतःच्या नावाची शपथ स्वतःपासूनच लपवायला वापरली जाते, हे लंकाबाईंना नवीन होतं. ‘अरे, मी आठ तारखेला मंडळात बसले होते,’ त्या म्हणाल्या, ‘चारचं औषध सहाला दिलं. मला वाटलं, त्यानंच...’ मयूर म्हणाला, ‘आई. आई, तू हे वर्षभर... अगं मला एकदा बोलायचंस तरी.’ ‘तू बोललास?’ त्या म्हणाल्या. तो रडत होता बहुतेक, लहानपणापासून त्याचं रडणं नाकात असायचं. मग म्हणाला, ‘मी म्हटलं होतं त्यांना, आईला सांगू. दोनदा म्हटलं. ते म्हणाले, तिला कळलं तर ती मला रागवायची बंद होईल. सगळे माझ्याशी हळू बोलायला लागलेत, डॉक्टर, तू, रोशनी सूनबाई. घरात एक तरी माणूस मला ओरडणारं राहू दे.’ लंकाबाईंनी फोन कानावरून जरा लांब धरला. ‘आई, ऐकतेस ना?’ ‘ऐकते,’ त्या म्हणाल्या. ‘शनिवारी येतो मी. रोशनीला घेऊन.’ ‘ये,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुझ्याशी हळू नाही बोलणार मी.’

रागावल्या होत्याच त्या. सहा महिने रोज. उठा, चार पावलं चाला. पोटात गेल्याशिवाय औषध लागू कसं पडणार. तुम्ही मनावरच घेत नाही, बाकीचे बघा, कॅन्सर होऊन डोंगर चढतायत. नागलीची आंबील गाळून, जिरं लावून पुढं धरायच्या आणि तो माणूस एवढंसं तोंड करून घोट घोट घ्यायचा. तो अर्धी वाटी ठेवायचा आणि या म्हणायच्या, ‘लहान पोर परवडलं.’ त्याला हे हवं होतं म्हणे. त्याला हवं होतं ते त्यानं घेतलं. चोरून का होईना, भरल्या घरातलं रोजचं ओरडणं त्यानं शेवटपर्यंत पदरात पाडून घेतलं. आणि मला? मला काय हवं असेल, हे विचारायला तेवढं कुणाला सुचलं नाही. सप्टेंबरात एकदा ते म्हणाले होते, ‘आज मिसळ खावीशी वाटतेय. झणझणीत. तर्रीची.’ लंकाबाईंनी डोळे मोठे केले होते, ‘बरे झालात की.’ ‘बरं,’ भिकनराव म्हणाले. पुन्हा ऑक्टोबरात. ‘एक घास.’ ‘बरे झालात की, म्हटलं ना.’ ‘बरं.’ डिसेंबरात सकाळच्या उन्हात गॅलरीत बसले होते, खाली कुणीतरी पार्सल नेत होतं, वास वर आला. ते काही बोलले नाहीत, नुसतं लंकाबाईंकडे बघितलं, आणि लंकाबाईंनी न विचारताच सांगितलं, ‘बरे झालात की.’ तेव्हा ते हसले होते. काय हसले होते. ते हसू इतके दिवस लंकाबाईंनी गोड म्हणून जपलं होतं, औषधाच्या डब्यांच्या आणि सलाइनच्या सगळ्या आठवणींत ते एक कुंकवाच्या डबीसारखं वेगळं ठेवलं होतं. आता ते काढून बघायचं म्हटलं तर धार लागत होती. एका ताटलीची गोष्ट होती. पाव मी स्वतः कुस्करून दिला असता. दुसऱ्या दिवशी पोटात दुखलं असतं तर दुखलं असतं, सायलीसारख्या पोरी इंजेक्शन घेऊन येतात म्हणे घरी. माझ्या हातानं मी त्याला नाही म्हटलं, तीनदा, आणि तिन्ही वेळा त्याला ठाऊक होतं की ‘बरे झालात की’ नावाचा वार कुठल्याच कॅलेंडरात नाही.

शब्दकोश टीव्हीशेजारीच होता. त्यावर मीटरच्या बिलांची चळत. लंकाबाईंनी बिलं बाजूला केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःसाठी उघडला. खाकी कव्हरला भिकनरावांच्या बोटांचा तेलकट डाग होता, पिवळट. आत जागोजाग पेन्सिलीच्या टिंबाएवढ्या खुणा, आणि प्रत्येक खुणेपुढं तारीख, मुंगीच्या पायासारख्या अक्षरात. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पेन्सिलीनं, प्रेसच्या शिस्तीत, तपासलेल्या प्रत्येक गोष्टीवर खूण. लंकाबाई उलटत गेल्या. सिमर शोधला, खूण होती, तारीख होती, लग्नाचं पहिलं वर्ष. हेझिटेट. रिजॉइस. वहीतल्या तारखा आणि पुस्तकातल्या तारखा, त्या बोट ठेवून ठेवून ताडून बघायला लागल्या, आणि प्रत्येक वेळी जुळलं की छातीतलं थोडं सैल व्हायचं. एक खोटा निघाला म्हणजे बाकीचे काय? हा प्रश्न त्यांनी अजून स्वतःला उघड विचारला नव्हता, पण बोट तेच विचारत होतं. बाकीचे खरे होते. निदान जेवढे बघितले तेवढे खरे. मग त्यांनी पी काढला. पॅलिएटपुढं खूण होती. अर्थ सायलीनं सांगितला तोच, छापील. रोग बरा न करता त्रास कमी करणे. आणि तारीख नऊ जुलै नव्हती. एकवीस जून होती.

एकवीस जूनला भिकनराव आणि मयूर रिपोर्ट आणायला गेले होते. लंकाबाई घरीच होत्या, पापड वाळत होते. येताना त्यांनी पाव किलो जिलबी आणली. ‘रिपोर्टात विशेष काही नाही, गोळ्या दिल्यात,’ म्हणाले. त्या संध्याकाळी शब्द दिला होता डिफर, पुढं ढकलणं. वहीत होता, खाली लंकाबाईंचं वाक्य, पापड पावसाळ्याला डिफर करता येत नाहीत. म्हणजे भिकनरावांनी आधी पॅलिएट हा शब्द स्वतः एकट्यानं, पुस्तकात बोट ठेवून वाचला. वाचून खूण केली. मग जिलबी खाल्ली. अठरा दिवस तो शब्द पोटात ठेवून हिंडले, आणि रिक्षात मी विचारल्यावर, पडद्याकडे बघत, बिटको येईपर्यंत खोटा अर्थ घडवला. सुचत नव्हता म्हणून वेळ मागितला असणार. अंदाज कर म्हणे. ज्या माणसाच्या चपलेचे तळ तीस वर्षं तपासले, त्यानं घरात एक अख्खं मरण विनातपासणी आणून ठेवलं.

त्यांनी वहीची पुढची पानं उलटली. काय शोधतोय ते कळत नव्हतं, पण सापडल्यावर कळलं. ऑगस्टातला एक शब्द: रिसीड. ओसरत जाणं. लंकाबाईंचं वाक्य, पूर गेल्यावर गोदावरी रिसीड होते. ऑक्टोबरातला: वीन. सवय हळूहळू तोडणं, जसं आई पोराला अंगावरून तोडते. यांचं वाक्य, मी माझ्या नवऱ्याला चहापासून वीन करणार. आणि चार डिसेंबर: आउटलिव्ह. एखाद्याच्या मागं जगणं. यांचं वाक्य, आमचा जुना फ्रिज आम्हा सगळ्यांना आउटलिव्ह करेल. ते वाक्य वाचून दाखवल्यावर भिकनराव बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिले होते आणि मग म्हणाले होते, ‘वाक्य चांगलंय. पण फ्रिजऐवजी दुसरं कुणी घालून बघ.’ ‘कोण घालू, टीव्ही?’ लंकाबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे ते सांगत होते. रोज एक क्रियापद करून, भाकरीच्या बेतानं, ते सांगत होते, आणि ही बाई गोदावरी आणि फ्रिज लिहीत होती. लंकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते येताच त्या चिडल्या. हे काय सांगणं झालं? अंधारात टिकली लावून जायचं आणि म्हणायचं, मी तर खूण ठेवली होती. सांगायचं असतं ते ‘अगं’ म्हणून सांगायचं असतं. अगं, मी जाणार आहे. चार शब्द, त्यातलं एक क्रियापद, तेही घरचं. एवढं करता आलं नाही तुम्हाला.

साडेपाच झाले होते. फ्रिज चालू होता, त्याची ती घरघर, मध्येच दम लागल्यासारखं थांबणं. लंकाबाई उठल्या, पायांना मुंग्या आल्या होत्या. सतराव्या वहीच्या मागचं एक कोरं पान त्यांनी काळजीपूर्वक फाडलं. पहिलंच फाडलेलं पान. आधी लिहिलं, ‘आजार जात नाही. त्रास कमी करतात.’ ते त्यांनी वाचून बघितलं. खरं होतं, पण त्यात कुणी राहत नव्हतं. सायलीला घरच्यांना कळेल असं हवं होतं. घरची म्हणजे कोण, हे काही पोरीला सांगायला नको. कुठल्या तरी घरात, इंदिरानगरला नाहीतर सातपूरला, एक बाई मांडीवर फाईल घेऊन बसलेली असणार, पाण्याची बाटली वेगळी ठेवून. त्यांनी खाली लिहिलं, ‘वेळ थोडा आहे. औषधाला थोडा उशीर झाला तर तुमच्यामुळे काही होत नाही.’ इथं पेन थांबला. मग पुन्हा चालला. ‘मागतील ते खायला द्या. बायकोला सगळ्यात आधी सांगा.’

सायली सहाला दहा मिनिटं असतानाच आली. दुपारी केसांना लावलेली क्लिप काढून केस मोकळे केले होते, तरी चेहरा दुपारचाच होता. तिनं कागद उभ्यानं वाचला, मग खुर्चीच्या हातावर टेकून पुन्हा वाचला. लंकाबाईंनी तिच्यासमोर पाणी ठेवलं. टीपॉयवर वही आणि शब्दकोश दोन्ही उघडे होते. ते तिनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. हॉस्पिटलात शिकवत असतील.

‘छान आहे, काकू,’ ती म्हणाली. ‘फक्त शेवटची ओळ... आमच्या मॅडम म्हणतात, पेशंटची इच्छा आधी.’

‘बरोबर आहे मॅडमचं.’

‘आणि उद्याचे जे पहिले आहेत ना, पासष्टचे काका, त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय फोनवर. मिसेसना यातलं काही बोलायचं नाही. त्यांना नुसती शक्तीची औषधं आहेत असं सांगा म्हणाले.’ सायलीनं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. ‘मी काय म्हणू त्यांना, काकू?’

लंकाबाईंनी शब्दकोशातली पेन्सिल उचलली, भिकनरावांची, दातांच्या खुणा असलेली. एकवीस जूनच्या तारखेशेजारी, तितक्याच बारीक अक्षरात, आजची तारीख घातली. मग पुस्तक मिटलं आणि त्यावर मीटरची बिलं पुन्हा नीट लावून ठेवली.

‘त्यांना म्हणावं,’ लंकाबाई म्हणाल्या, ‘बायकोला सांगितलंत तर मिसळ मिळेल. नाही सांगितलंत तर शेवटपर्यंत आंबील.’